चाकांवरचं घर आणि अग्रशाळा

आपल्याकडे कॅरव्हॅनबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते सगळं तिच्या आतल्या गोष्टींबद्दल. पलंग किती, ओटा कसा, टीव्ही केवढा... गाडी उभी कुठं करायची आणि तिच्या पोटातली घाण रिकामी कुठं करायची, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं असं की चाकांवरच्या घराचे खरे प्रश्न हे दोनच. बाकी सगळी हौस.

हे मत मला फोंड्यात बसून झालं नसतं. ते झालं सुरतेत. कामानिमित्त गेली काही वर्षं माझं सुरतेला जाणं-येणं असतं. मुक्काम अडाजणला. आमच्या सोसायटीत यार्नचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत. सगळी सोसायटी त्यांना 'काका' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी एका ट्रॅव्हलर गाडीवर घर बांधून घेतलं आणि सोसायटीतल्या पोरांना महिनाभर दुसरा विषय उरला नाही.

सुरतेच्या माणसाला ही गाडी आवडावी यात नवल नाही. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' असं म्हणणारी ही मंडळी प्रवासातही जेवणाशी तडजोड करत नाहीत. यात्रेच्या बसबरोबर स्वयंपाकाचं सामान आणि महाराज घेऊन हिंडणं ही गुजरातची जुनीच रीत. म्हणजे कॅरव्हॅनचा अर्धा भाग त्यांच्याकडे आधीपासूनच होता, फक्त संडास नव्हता! काकांची पहिली सफर सौराष्ट्राची झाली. 2020 च्या नोव्हेंबरात हजीरा-घोघा अशी गाड्या वाहून नेणारी बोट सुरू झाली, तिच्यामुळे साधारण पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता समुद्रातून नव्वदेक किलोमीटरवर आला. गाडी बोटीत, काका गाडीत. त्यानंतर सापुतारा झालं. मग अर्थातच गोवा.

आता कोणाला अशी गाडी घ्यायचीच असेल तर काकांच्या गाडीपाशी उभं राहून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. साधी प्रवासी गाडी घ्यायची, गल्लीतल्या सुताराकडून पलंग ठोकून घ्यायचे आणि निघायचं, असं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम असे फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे. तेव्हा पडद्यांचा रंग बघण्याआधी आरसी बुकात गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते बघावं. अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तेच बघते.

दुसरी गोष्ट विजेची. घरासाठी वेगळी बॅटरी असते. समजा ती 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला की 1800 वॅट-तास. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. उरले 900. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो. म्हणजे रात्रभर एसी लावून झोपायचं स्वप्न पाऊण तासात संपतं. मग एक तर महागडी लिथियम बॅटरी, नाहीतर जनरेटरची घरघर, नाहीतर कोणाकडून तरी विजेची जोडणी.

तिसरी पाण्याची. चौघांनी एकेक बादली आंघोळ केली की साठ लिटर गेलं. भांडी, तोंड धुणं, संडास धरला तर शंभर लिटरची टाकी संध्याकाळपर्यंत कोरडी. आणि शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, हे सापुताऱ्याच्या चढावर इंजिनाला बरोबर कळतं.

चौथी गोष्ट देखभालीची. ही गाडी चालून झिजत नाही एवढी उभी राहून झिजते. वर्षाकाठी वीस-पंचवीस दिवस वापर, बाकी दिवस झाडाखाली. टायर एका जागी दबतात, बॅटरी उतरते, खिडक्यांचं रबर कडक होऊन पाऊस आत येतो, उंदीर वायरी कुरतडतात. समुद्राची खारी हवा सुरतेतही आहे आणि आपल्याकडे तर पत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. पंधरवड्यातून एकदा गाडी खरोखर रस्त्यावर न्यावी, नुसतं इंजिन चालू करून बंद करू नये. पावसाळ्याआधी छताचे सांधे बघावेत. गाद्या उभ्या करून ठेवाव्यात. आणि विकत घेण्याआधी चार दिवस भाड्यानं घेऊन बघावी, निम्म्यांची हौस तिथंच फिटेल.

हे सगळं पैशानं आणि थोड्या शिस्तीनं निभतं. निभत नाही ती पाचवी गोष्ट.

संडासाची टाकी. काकांच्या गाडीत ओढून काढता येणारी छोटी पेटी आहे, वीसेक लिटरची. चार माणसांना दोन दिवस जेमतेम पुरते. मग ती कुठंतरी ओतावीच लागते. गाडीचा ड्रायव्हर लिंबायतला राहतो, मूळचा खानदेशातला. सुरतेत खानदेशी माणसं खूप, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच चालतं. गोव्याहून परतल्यावर मी सहज विचारलं, टाकीचं काय केलंत? तो म्हणाला, "भाऊ, शेठ म्हणले, रिकामी करून ये. कुठं करायची ते नाही सांगितलं." रात्री त्यानं ती एका खाजनाच्या कडेला, मानशीपाशी ओतली होती.

मी गोंयकार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मानशीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करतं, त्यावर शेत आहे, मासळी आहे. पण राग नेमका कोणावर काढायचा? ड्रायव्हरवर? पेटी त्याची नव्हती, संडासही तो वापरत नव्हता. त्या गाडीत झोपायची परवानगीसुद्धा त्याला नव्हती, तो पुढच्या सीटवर झोपला. काकांवर? त्यांनी एका हॉटेलात विचारलं होतं, तिथं पार्किंगलाच नकार मिळाला. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, पेटी तुम्ही स्वतः उचलली असती तर जागाही तुम्ही स्वतः शोधली असती." ते काही बोलले नाहीत. माझा सूर त्यांना आवडला नसावा.

पण मी ते वाक्य मागे घेत नाही. परदेशात अशा गाडीचा मालक आपली टाकी आपल्या हातानं रिकामी करतो, त्यात कोणाची इज्जत जात नाही. आपण गाडी तिकडची उचलली, पण तिच्याबरोबरची ही सवय सीमेवरच सोडून आलो. ज्या गुजरातेत गांधीजी जन्मले तिथं तरी हे परकं वाटू नये. 1901 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये त्यांनी हातात झाडू घेऊन संडास साफ केला होता. घाण माझी आणि ती उचलणारा दुसरा, हा आपला जुना रोग. चाकं लावल्यानं तो बरा होत नाही, उलट गावोगाव फिरतो.

सुरत शहर हे एकदा शिकलंय. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेग आला आणि लोक लाखोंनी शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. 'एसी टू डीसी' ही त्यांची घोषणा, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. अधिकारी रोज सकाळी वॉर्डात फिरू लागले. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला पहिला क्रमांक मिळाला, त्याची सुरुवात तिथं आहे. लोक मुळात घाणेरडे असतात हे खरं असतं तर असं झालं नसतं. घाण टाकायला जागा हवी, ती उचलायची व्यवस्था हवी आणि वरच्या माणसानं खाली उतरायला हवं.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या पर्यटकांवर आपला राग आहे आणि तो रास्त आहे. 2019 मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर शिजवणं आणि पिणं गुन्हा ठरवलं. 2022 च्या ऑक्टोबरअखेर निघालेल्या आदेशात दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत गेला. चांगलं झालं. पण 'इथं नको' सांगणाऱ्याला 'मग तिथं' हेही सांगावं लागतं. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं, केरळात 2022 मध्ये वागामोनला कॅरव्हॅन पार्क उघडलं. अशा गाड्या आता येणारच. त्यांना नाकं मुरडून त्या थांबणार नाहीत.

आणि खरं सांगायचं तर पाहुण्याची सोय करणं आपल्याला नवीन नाही. आपल्या देवळांना अग्रशाळा आहेत. मुंबईहून, कारवारहून, मंगळूरहून कुळावी यायचे, मुलाबाळांसकट उतरायचे, विहिरीचं पाणी काढून, चूल पेटवून चार दिवस राहायचे. हे काय कॅम्पिंग नव्हे? फरक एवढाच की घर देवळानं दिलेलं होतं आणि त्याला नियम होते. तिथं सगळ्यांनाच जागा नव्हती हेही खरं, आणि तिथली घाण कोण उचलत होतं हे आपण कधी विचारलं नाही. नवी अग्रशाळा बांधायची तर या दोन्ही चुका टाळून बांधू या.

फार काही लागत नाही. सिमेंटचा एक उतरता चौथरा, सेप्टिक टाकीला किंवा गटारवाहिनीला जोडलेलं झाकणाचं तोंड, एक नळ, विजेचे चार सॉकेट, आणि ड्रायव्हरला झोपायला-न्हायला एक खोली. पत्रादेवी, मोले, पोळे अशा सीमेवरच्या ठिकाणी आणि मडगाव-म्हापशाच्या जवळपास एकेक. त्याचे पैसे घ्यावेत, पावती द्यावी, आणि सीमेवरून परत जाताना ती पावती बघावी. मुक्काम गोव्यात केला आणि टाकी कुठंच रिकामी केली नाही, असं होऊच शकत नाही!

तोवर गाडी घेऊ पाहणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. ती पेटी तुम्ही स्वतः उचलाल का? उत्तर 'हो' असेल तर जरूर घ्या, आणि गोव्यात या. 'ड्रायव्हर बघेल' असं असेल तर तेवढ्या पैशांत बऱ्या हॉटेलात पुष्कळ वेळा राहता येतं.