वीराला हार, वारसांना वनवास!

२० नोव्हेंबर १६९५ रोजी पोर्तुगीज सत्तेने ब्राझीलमध्ये झुंबी या कृष्णवर्णीय वीराला ठार केले आणि त्याचे मस्तक रेसिफे शहरात टांगले. उसाच्या मळ्यांतून निसटलेल्या गुलामांनी अरण्यात वसविलेल्या पालमारेस या स्वतंत्र वसाहतीचा तो नायक होता. त्याचा स्मृतिदिन देशभर सुटीचा दिवस म्हणून पाळावा, असा कायदा ब्राझीलने २०२३ साली केला. हे खचितच अभिनंदनीय होय. परंतु मेलेल्या वीराला हार घालण्यास फारसे धैर्य लागत नाही. त्याच्या जिवंत वारसांना जमिनीची सनद देण्यास ते लागते!

अशा वसाहतींना तेथे 'किलोंबो' म्हणतात. २०२२ च्या शिरगणतीत त्यांतील रहिवाशांची प्रथमच स्वतंत्र मोजदाद झाली आणि ती संख्या तेरा लाखांवर भरली. १९८८ च्या राज्यघटनेने कसत्या जमिनीची कायम मालकी त्यांना देऊ केली होती. तरीही शिरगणतीच्या वेळी मालकीपत्र मिळालेल्या प्रदेशांत राहणारे लोक शेकडा पाचही नव्हते. घटनेच्या अभिवचनाची चौतीस वर्षांतील फलश्रुती ती एवढीच!

या अन्यायाचे मूळ जुने आहे. १८५० च्या कायद्याने सरकारी जमीन केवळ विकत घेणाऱ्यालाच मिळेल असे ठरविले आणि १८८८ साली गुलामगिरी संपली, तेव्हा मुक्त झालेल्यांच्या हाती दमडी नव्हती. बेड्या तुटल्या, पायाखाली भूमी मात्र आली नाही.

आल्कांतारा येथे तर १९८३ साली अग्निबाणांचे प्रक्षेपण केंद्र स्थापन झाले आणि तीनशेहून अधिक कुटुंबे किनाऱ्यावरून उठवून आत नेऊन वसविण्यात आली. विषुववृत्ताजवळून उड्डाण केल्यास इंधन वाचते, हे खरे. राष्ट्राला विज्ञान हवे, हेही आम्हांस मान्य आहे. पण दर्यावर जगणाऱ्यांना दर्यापासून तोडून घरे बांधून दिली, म्हणजे पुनर्वसन झाले काय? जाळे, नारळी-पोफळीसारखी पिढीजात झाडे, पूर्वजांची थडगी आणि सणवार यांचे मोल कोणत्या नुकसानभरपाईत बसते? २०२५ साली जाहीर झालेल्या निकालात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या प्रकरणी ब्राझीलला दोषी ठरविले, ते योग्यच झाले.

आदिवासींची कहाणीही निराळी नाही. १९८८ साली जी जमीन त्यांच्या ताब्यात होती तिच्यावरच त्यांचा हक्क, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळला. त्याच वर्षअखेर संसदेने तोच कायद्यात घातला. ज्यांना आधी बळाने हुसकले, त्यांनाच 'त्या दिवशी तुम्ही तेथे का नव्हता?' असे विचारणे ही न्यायाची क्रूर थट्टा आहे.

संस्कृतीचे रक्षण उत्सवाच्या मंडपात होत नाही. जे नृत्य रंगमंचावर वाखाणले जाते, ते ज्या अंगणात जन्मले ते अंगणच विकले गेले, तर उरते ती नक्कल. ब्राझीलला झुंबीचे खरे स्मारक उभारावयाचे असेल, तर त्याने पुतळे घडविण्याआधी मालकीपत्रांवर सह्या कराव्यात!