शर्यतीचें मैदान आणि प्रेमाचा साचा

अलीकडे आमच्या भाईंदरच्या वाचकमंडळींत एका जातीच्या कादंबऱ्यांची फार चलती आहे. काळ शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा. दोन प्रतिस्पर्धी घोडेमालक. त्यांत एक तरुण व एक तरुणी. पहिल्या शर्यतीस द्वेष, दुसरीस कुतूहल आणि शेवटच्या शर्यतीस विवाह! बहुतेक पुस्तकें इंग्रजी. पण मराठींतही असें कांहीं हवें, अशी मागणी आतां उघडपणें होऊं लागली आहे. या मागणीस आमचा विरोध नाहीं. ज्या साच्यांत हा मालमसाला ओतावयाचा म्हणतात, त्या साच्यास मात्र आमचा सक्त विरोध आहे. आणि तो कां, हें येथें सांगावयाचें आहे.

साच्याचे कैवारी म्हणतात, कादंबरी म्हणजे बखर नव्हे. घटकाभर मन रमलें कीं तिचें काम झालें. पहिलें विधान आम्हांस मान्य आहे. १८७१ सालीं गुंजीकरांनीं ‘मोचनगड’ लिहिली, तेव्हांपासून मराठी वाचक इतिहासांत कल्पनेची भर घालण्यास सरावला आहे. आमची तक्रार कल्पनेच्या भरीविषयीं नसून सत्याच्या वजाबाकीविषयीं आहे. या साच्यांत घोडा आहे, पण त्याला खरारा करणारा मोतद्दार नाहीं. पैज आहे, पण लावलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न नाहीं. दोघांचें मीलन आहे, पण त्यापायीं दूर लोटलेलें तिसरें माणूस नाहीं.

हें तिसरें माणूस कोण, हें पाहण्यास कल्पनेचीही गरज नाहीं. १९४३ सालीं मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतींच्या वेळीं बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड व पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवी यांची भेट झाली. साच्यास याहून अनुकूल आरंभ कोठून मिळणार? पण पुढचें ऐका. सीतादेवी एका जमीनदाराच्या पत्नी होत्या. त्या बंधनांतून सुटण्यासाठीं त्यांनीं इस्लाम धर्म स्वीकारला आणि मग पुन्हां हिंदु होऊन महाराजांशीं विवाह केला. महाराजांचा विवाह शांतादेवींशीं आधींच झालेला होता, आणि बडोदें संस्थानांत तर एक पत्नी असतां दुसरी करण्यास कायद्यानें बंदी होती! दिल्लीनें जाब विचारला, तेव्हां महाराजांच्या कायदेपंडितांनीं उत्तर दिलें कीं, हा कायदा प्रजेस आहे, राजास नाहीं.

वाचकहो, ज्या कादंबरीकाराच्या हातून हें एक उत्तर निसटेल, त्यानें प्रेमकथा लिहिली असेल, पण ऐतिहासिक प्रेमकथा खचित लिहिली नाहीं. त्या उत्तरांत त्या काळचें सारें राज्यशास्त्र आहे, आणि राजवाड्यांत मागें राहिलेल्या थोरल्या राणीची सारी स्थितीही आहे.

आतां पैशाकडे वळूं. १९४५ सालीं याच महाराजांनीं इंग्लंडांत एक वर्षाचें शिंगरूं अठ्ठावीस हजार गिनींस विकत घेतलें. तेव्हांच्या हुंडणावळीच्या दरानें हे सुमारें चार लक्ष रुपये होतात. त्या शिंगराला नांव दिलें ‘सयाजीराव’. ज्या आजोबांनीं १९०६ सालीं संस्थानभर सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें, त्यांचेंच हें नांव! घोडा गुणाचा निघाला. सप्टेंबर १९४७ मध्यें त्यानें इंग्लंडांतील सेंट लेजरची शर्यत जिंकली. देश स्वतंत्र होऊन तेव्हां महिनाही झाला नव्हता. पुढें १९४९ सालीं बडोदें मुंबई इलाख्यांत विलीन झालें व १९५१ सालीं भारत सरकारनें प्रतापसिंहरावांची राजपदाची मान्यता काढून घेतली. यांत नाट्य कमी आहे असें कोण म्हणेल? एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत शाळा आणि पागा यांची जी शर्यत लागली, तिच्यापुढें दोन घोडेमालकांची लटकी चुरस अगदींच फिकी नाहीं का?

कोणी म्हणेल, राजेरजवाड्यांचें सोडा. आमची नायिका साधी आहे. ठीक. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. हें कौशल्य कोणाचें? पहांटे घोडा फिरविणाऱ्याचें, त्याचा पाय चांचपून लंगडेपणा ओळखणाऱ्याचें, वजन वाढूं नये म्हणून अर्धपोटीं राहणाऱ्या स्वाराचें. १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर हीं माणसें राबत आलीं आहेत. त्यांच्यांतही प्रेम होत असेल, वैर होत असेल. साच्यांतल्या नायिकेस मात्र त्यांचीं नांवेंही ठाऊक नसतात.

शिवाय परक्या कुरणांत चरावयास जाण्याचें आपणांस कारण काय? आमच्या मीरा-भाईंदरच्या हद्दींत, खाडीकांठीं, घोडबंदरचा किल्ला उभा आहे. घोड्यांच्या व्यापारावरून त्या बंदरास हें नांव पडलें, असें सांगतात. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें ठाण्याच्या राजाविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, चांचांशीं त्याचा करार होता: लुटींतले घोडे राजाचे, बाकीचा माल चांचांचा. पुढें पोर्तुगीजांनीं किल्ला बांधला, १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला, नंतर इंग्रजांच्या हातीं पडला. अरबस्तानांतून गलबतांत कोंबून आणलेला घोडा, वाटेंत टपलेला चांचा आणि कांठावर वाट पाहणारा राजा! येथें प्रतिस्पर्धी हवे तितके आहेत, आणि त्यांच्यांत प्रेम जुळवावयाचें असेल तर त्यास खरी किंमत पडेल.

मराठी लेखकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. प्रेम अवश्य लिहा, शर्यतही लिहा. पण लिहिण्यापूर्वीं एकदां घोडबंदरच्या तटावर जाऊन उभे रहा, आणि हा घोडा आणला कोणी, पोसला कोणी आणि त्याचे पैसे कोणीं भरले, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा. उत्तरें मिळालीं तर कादंबरी आपोआप ऐतिहासिक होईल. न मिळालीं, तर नायकनायिकेस जुना पोशाख चढविल्यानें कांहीं साधणार नाहीं. घोड्यावर झूल टाकली म्हणून तो शर्यत जिंकत नसतो.