सरकारी वकील श्रोत्यांना कधी भेटणार?

हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीपासून वेगळा झाला. त्यापूर्वी, १९७० च्या दशकात, वसमत-कळमनुरीच्या ज्या घरांत ट्रान्झिस्टर होता, तेथे विविध भारतीवरील ‘इन्स्पेक्टर ईगल’ अपरिचित नव्हता. थर्मास बनविणाऱ्या कंपनीने प्रायोजित केलेल्या या मालिकेत विनोद शर्मा यांच्या आवाजातील इन्स्पेक्टर गुन्ह्याचा छडा लावी. गुन्हेगार सापडला की श्रोते निश्चिंत होत. मात्र न्यायाची खरी कसोटी अटकेनंतरच लागते, हे त्या करमणुकीत सहसा कोणी सांगितले नाही.

अमेरिकेत १९३९ साली ‘मिस्टर डिस्ट्रिक्ट ॲटर्नी’ ही नभोनाट्यमाला सुरू झाली. न्यूयॉर्कचे सरकारी वकील थॉमस ड्यूई यांनी संघटित गुन्हेगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची तिला पार्श्वभूमी होती. तिचा नायक पोलीस नव्हता, सरकारी वकील होता. गुन्हेगाराला शासन करणे आणि नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करणे, ही दोन्ही आपली कर्तव्ये आहेत, असे तो श्रोत्यांना प्रत्येक वेळी बजावीत असे. अर्थात, त्या मालिकेतही नाट्य पुष्कळ आणि कज्जेदलालीचा कंटाळा थोडा होता. परंतु तत्त्व चुकीचे नव्हते.

तेच तत्त्व आपल्या कायद्यानेही स्वीकारले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खटला चालविण्याचे काम पोलिसांपासून अलग केले. महाराष्ट्रातील साहाय्यक सरकारी वकिलांचा स्वतंत्र संवर्ग असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसून न्यायालयाचा साहाय्यक आहे, हेच त्यामागील सूत्र. २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी नवा कायदा आला, तरी हे सूत्र बदललेले नाही.

तथापि, ते गावापर्यंत पोहोचले आहे काय? सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या खेड्यातील शेतमजूर साक्षीसाठी कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, गावातील बलिष्ठांचा रोष ओढवतो आणि पदरी पुढची तारीख पडते. असा साक्षीदार फितूर झाला, तर सारा दोष त्याच्याच माथी मारणे सोपे असले तरी न्याय्य नाही. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली. परंतु जी योजना ठाऊकच नाही, तिचा आधार मागणार कोण?

येथे आकाशवाणीला मोठे काम आहे. साक्ष, उलटतपासणी, जामीन आणि पुराव्याचा भार यांचा अर्थ सांगणारी श्रुतिका मराठवाड्याच्या बोलीत ऐकविणे अवघड नाही. पोलिसाच्या शौर्यकथांनी गुन्हेगाराचे भय कमी झाले असेल. कोर्टाचे भय कमी करणे अद्याप बाकी आहे.