जुन्या जोत्यावर नवे घर

नंदुरबारास समुद्र नाही. तापी प्रकाश्यावरून खाली उतरते, उकाईच्या जलाशयात विसावते आणि सुरतेपलीकडे सागरास मिळते. आमच्या जिल्ह्याचा व समुद्राचा संबंध इतकाच. असे असता किनाऱ्यावरील घरांविषयी ह्या सदरात का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण नकाशात नसून आडनावांत आहे. पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमदानीत कोकणातील कितीतरी कुटुंबे घाट चढून खानदेशात आली. कोणी कारकुनीस, कोणी वकिलीस, कोणी शाळेत मुले शिकवावयास. पोटाची सोय येथे झाली, परंतु कुलदैवत आणि मूळ घर तिकडेच राहिले. वर्षातून एकदा कोणी तरी जाऊन दिवा लावून यावा, एखाद्या चुलत्याने आगर पाहावे, असे चालत आले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड ह्या भागांत माडापोफळींच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, कौले उडाली, जुन्या भिंती बसल्या. तेव्हापासून आमच्या परिचयाच्या घरांतून एकच वाद ऐकू येतो. घर पडले आहे, ते पुन्हा उभारावयाचे आहे, परवानगी कोणाची? मुंबईचा पुतण्या म्हणतो, ‘आपलेच घर, आपलीच जागा, परवानगी कसली?’ पुण्याचे काका म्हणतात, ‘समुद्राजवळ आता वीटसुद्धा ठेवता येत नाही.’ दोघेही चुकतात, आणि दोघांच्या चुकीचा भुर्दंड त्या पडक्या घरास बसतो.

कायद्याची हकीकत थोडक्यात अशी. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवावा असे कळविले. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे लोक ज्यास सी.आर.झेड. म्हणतात त्याची, पहिली अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर हा ‘ना विकास क्षेत्रा’चा पट्टा ठरला. ६ जानेवारी २०११ रोजी नवी अधिसूचना आली, आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिच्याही जागी आणखी एक आली. ह्या शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक माणसे असलेल्या, ग्रामीण भागांत तो पट्टा ५० मीटरांवर आणावयाची वाट मोकळी केली. मात्र त्यासाठी किनारा व्यवस्थापनाचा आराखडा तयार असला पाहिजे. विरळ वस्तीच्या गावांस २०० मीटर कायमच राहिले. आमच्या वाचकांची बहुतेक गावे विरळ वस्तीचीच असतील.

आता सवलत पाहावी. ह्या मोकळ्या पट्ट्यातही अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती अथवा पुनर्बांधणी करता येते. अट अशी की जोत्याचे क्षेत्रफळ, चटई क्षेत्र आणि वस्तीची दाटी ही पूर्वीहून वाढता कामा नयेत. २०१९ च्या अधिसूचनेत आणखी एक सोय आहे. ३०० चौरस मीटरांपर्यंतचे, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फुटांचे, स्वतःच्या राहण्याचे घर असेल तर राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही; स्थानिक संस्थेनेच मंजुरी द्यावी. पर्यावरणीय परिणामांची जी मोठी पूर्वतपासणी २००६ च्या अधिसूचनेने घालून दिली, ती इमारतींच्या बाबतीत २०,००० चौरस मीटरांपासून पुढे लागते. तिच्याशी एकट्या घराचा संबंधच येत नाही. म्हणजे तपासणीतून सूट आहे, परवानगीतून नाही. मंजुरी देताना स्थानिक संस्थेने किनाऱ्याचे नियम पाहूनच ती द्यावी असे अधिसूचनेत स्पष्ट आहे. खारफुटी, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा ह्यांचे नियम तर वेगळे व पुष्कळच कडक आहेत.

सारा गुंता ‘अस्तित्वात असलेले’ आणि ‘अधिकृत’ ह्या दोन विशेषणांत आहे. शंभर वर्षांपूर्वी आजोबांच्या वडिलांनी जांभ्या दगडाचे जोते घातले तेव्हा नकाशा कोणी मंजूर करून घेतला होता? पुरावा म्हणून काय दाखवावे, तर घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा आठ-अचा उतारा, जमिनीचा सातबारा, एखादे वाटपपत्र. आणि हे सर्व बहुधा अशा माणसाच्या नावे असते की ज्याचे श्राद्धही आता घरात कोणास आठवत नाही. एकत्र कुटुंबात कागद करण्याची लाज वाटते. भावाभावांत लेखी कशास, असे म्हणून तीन पिढ्या निघून जातात. पुढे वादळ येते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. तीन भाऊ, एक बहीण. दापोलीकडचे घर वादळात अर्धे बसले. धाकट्या बंधूस कामाचा उरक भारी. त्याने दोन वर्षांत उरलेल्या भिंती उतरविल्या, तुळया व चिरे विकून टाकले, जागा साफ केली आणि मग परवानगी मागावयास गेला. कचेरीत त्यास शांतपणे विचारण्यात आले, ‘घर कोठे आहे?’ जे पुन्हा बांधावयाचे ते तेथे होते ह्याचीच खूण त्याने आपल्या हातांनी पुसून टाकली होती! थोरले बंधू संतापले, मधले मुंबईहून दूरध्वनीवरून संतापले. बहीण शहाद्यास दिली आहे; तिला कोणी विचारलेच नव्हते. वास्तविक ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील शेवटची शंकाही फेडली आहे. सहीसाठी म्हणून शेवटी तिच्याकडे जावे लागले, तेव्हा कळले की वडिलांची पत्र्याची पेटी तिनेच जपून ठेवली होती. तीत घरपट्टीच्या जुन्या पावत्या निघाल्या, आणि तिच्या स्वतःच्या लग्नातील एक छायाचित्र निघाले: मंडळी ओटीवर उभी, खाली पाच पायऱ्या, बाजूस पडवीचा खांब. गवताखाली जोत्याच्या रेघा शिल्लक होत्या. त्या पंचांसमक्ष मोजून घेतल्या गेल्या.

तेव्हा ज्यांचे घर अजून उभे आहे, मग ते कितीही वाकलेले असो, त्यांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की पाडण्यापूर्वी अर्ज करा. जोते चारी बाजूंनी मोजा, उंची मोजा, सर्व बाजूंची छायाचित्रे काढा, वारसांची नावे कागदोपत्री लावून घ्या. हे काम सुटीच्या दोन दिवसांचे आहे.

अशी सूट असावी की नसावी, हा प्रश्न निराळा. आमच्या मते असावी. कोळ्याच्या खोपटास आणि विधवा आत्याच्या दोन खणांच्या घरास मोठ्या कारखान्याची चौकशी लावणे हा न्याय नव्हे. परंतु सवलतीचा आधार घराचे लहानपण आणि पूर्वस्थिती हाच आहे. तो सुटला की बाकी काही उरत नाही. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदींचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. केरळात मरडू येथील बहुमजली इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेने ११ व १२ जानेवारी २०२० रोजी जमीनदोस्त झाल्या. ह्या बातम्या वाचून आपण समाधानाने मान डोलावतो. आणि आपल्याच घरात बेत शिजत असतो की जोते तेवढेच दाखवावयाचे, पण माजघराच्या चार खोल्या करावयाच्या, प्रत्येकीस न्हाणीघर जोडावयाचे आणि पाहुण्यांकडून भाडे घ्यावयाचे. कागदावर ‘स्वतःच्या राहण्याचे’ असे लिहावयास लाज वाटत नाही ती नाहीच.

एका घराने समुद्राचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरीची गोडी पातळी एक हात खाली गेली की खालचे खारे पाणी सुमारे चाळीस हात वर चढते, असे भूजलशास्त्र सांगते. रहाटाने पाणी काढणाऱ्या पाच माणसांच्या घराने ही तोलणी बिघडत नाही. पंप लावून चार न्हाणीघरे चालविणारी वीस घरे झाली म्हणजे शेजाऱ्याचा माड सुकू लागतो. शौचकूपही त्याच वाळूत. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. पिले बाहेर पडतात ती उजेडाच्या रोखाने धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राचा असे. गच्चीवर दिवे आले की पिले उलट दिशेस चालू लागतात. वीस घरांस वीस सवलती मिळाल्या तर त्यांची बेरीज करणारा कोणीच उरत नाही, हा ह्या सुटीतील खरा दोष आम्हांस दिसतो.

दुसरा दोष जागेचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वणव्यांनी हजारो घरे जाळली, तेव्हा तेथील गव्हर्नरांनी आज्ञा काढून जळलेल्या घरांच्या पुनर्बांधणीस पर्यावरणीय चौकशी व किनाऱ्याची परवानगी ह्यांतून मुक्त केले. आपत्तीत गेलेले घर उभारावयास त्यांच्या १९७६ च्या किनारा कायद्यात आधीपासूनच सूट होती: आकार व उंची दहा टक्क्यांहून अधिक वाढू नयेत, आणि घर त्याच ठिकाणी बांधावे. आमच्या अधिसूचनेत जोत्याच्या क्षेत्रफळाचा उल्लेख आहे, त्याच्या ठिकाणाविषयी तसे स्पष्ट बोल नाहीत. त्यामुळे एखाद्या शहाण्या गृहस्थाने आपल्याच आगरात तीस मीटर मागे सरून बांधू म्हटले, तर ते पुनर्बांधणी की नवे बांधकाम ह्यावर वाद घालता येतो. वाद नको म्हणून लोक जुन्याच जागी, लाटेच्या तोंडाशी बांधतात. जी सूट माणसास धोक्याच्या जागी खिळवून ठेवते तिला सवलत म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. मागे सरणाऱ्यास कायद्याने उघड मुभा दिली पाहिजे.

आमच्या पूर्वजांस हे कळत होते. गुहागरास जाऊन पाहावे. लांबलचक एकच रस्ता. पश्चिमेच्या रांगेतील घरांचे तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. पाठीमागे माडपोफळींचे आगर, त्यापलीकडे पुळण. समुद्र दिसावा म्हणून कोणी घर बांधले नाही. पुळणीवर जी जांभळ्या फुलांची वेल पसरते तिला कोकणात मर्यादवेल म्हणतात. संस्कृतातही ‘वेला’ हा एकच शब्द भरती, किनाऱ्याची मर्यादा आणि काळ ह्या तिन्ही अर्थी चालतो.

येथे आमच्याच जिल्ह्याची आठवण केल्यावाचून राहवत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली, ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. नर्मदेकाठच्या त्या आदिवासी कुटुंबांस ‘जुन्या जोत्यावर’ हा शब्दच उरला नाही. जोते राखावयास मिळणे हेही भाग्यच. ते मिळालेल्याने आणखी दोन खोल्यांसाठी खोटे लिहू नये.

दापोलीकडच्या त्या भावंडांचे सांगावयाचे राहिले. बहिणीने सहीपूर्वी एक अट घातली: पाहुण्यांच्या खोल्या नकोत, आणि समुद्राकडची पडवी सोडून द्यावयाची. म्हणजे नवे घर जुन्या जोत्याच्या पूर्वेकडील दोनतृतीयांशातच बसेल. धाकटे बंधू आठ दिवस बोलले नाहीत. मग त्यांनीच नकाशा काढून आणला. चौघांच्या सह्यांचा अर्ज गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत दाखल झाला. उत्तर अद्याप आलेले नाही.