गाडी लागली की धूर?

करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून वैभववाडीत आलेली एखादी जीप पाहा. मागची काच तांबड्या धुळीने माखलेली असते. चाकांनी मागे उडवलेली धूळ पुन्हा गाडीच्याच पाठीवर कशी बसते? याचे उत्तर गाडीच्या मागच्या आकारात आहे आणि त्याचा आपल्या आरोग्याशी थेट संबंध आहे.

धावत्या गाडीच्या टपावरून आलेल्या हवेला मागच्या कडेवरून एकदम खाली वळता येत नाही. ती गाडीपासून सुटते आणि मागे कमी दाबाचे भोवरे तयार होतात. ते गाडीला मागे ओढतात, म्हणून इंधन जास्त लागते. थेंबासारखी लांब, निमुळती शेपटी हा त्यावरचा उत्तम उपाय. पण तेवढी लांब गाडी रस्त्यावर सोयीची नाही. ही शेपटी मध्येच सरळ कापली तरी बराचसा फायदा टिकतो, हे १९३०च्या दशकात जर्मनीतील वुनिबाल्ड काम यांच्या कामातून पुढे आले.

आपल्या जीप आणि व्हॅनची पाठ मात्र उभी, सपाट असते. माणसे आणि सामान जास्त मावते, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण सायलेन्सरचे तोंडही बहुधा त्याच भोवऱ्यांजवळ उघडते. गणपतीला येताना सामान मावले नाही की मागचा दरवाजा अर्धवट उघडा ठेवून दोरीने बांधला जातो. मग धुळीबरोबर धूरही आत ओढला जातो. बाजूच्या खिडक्या उघड्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नये.

या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. घाटात असे झाले की आपण म्हणतो, ‘गाडी लागली.’ पण मागच्या सीटवरच्या अनेकांना एकाच वेळी त्रास होऊ लागला आणि डोकेदुखी किंवा गुंगी असेल, तर धुराचा संशय घ्यायलाच हवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. आकडा नेहमीसारखाच दिसू शकतो. मुले आणि गरोदर स्त्रियांना धोका अधिक. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असला, तरी फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण असतात.

असा संशय आला की गाडी थांबवून इंजिन बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि त्रास झालेल्यांना लगेच रुग्णालयात न्या. तिथे ऑक्सिजन दिल्यावर हा वायू रक्तातून लवकर निघून जातो.

पीयूसी प्रमाणपत्र गाडीतून किती धूर निघतो ते सांगते. तो कुठे जातो ते सांगत नाही. म्हणून सायलेन्सरची गळती आणि मागच्या दरवाजाचे रबर तपासून घेणे ही चालकाची जबाबदारी आहे. आणि दरवाजा बंद होत नसेल, तर सामान टपावर बांधावे किंवा दुसऱ्या गाडीने आणावे. एक बोचके उशिरा पोहोचले तर काही बिघडत नाही.