जवळचे बेट, दूरची वाट

नाताळच्या सुटीची चाहूल लागली की पनवेल परिसरातील शाळांतून सहलींचे बेत शिजू लागतात आणि घराघरांतून मुलांचा प्रश्न सुरू होतो, ‘यंदा कुठे?’ कामोठ्यासारख्या नव्या वसाहतीत या प्रश्नाची जी दोन-चार उत्तरे ठरलेली असतात, त्यांत घारापुरीच्या लेण्यांचे नाव हमखास असते. ते असावे हे उचितच आहे. घारापुरी बेट उरण तालुक्यात आहे, उरण रायगड जिल्ह्यात आहे आणि कामोठेही त्याच जिल्ह्यात. महसुली दप्तराच्या भाषेत बोलायचे तर ही लेणी घरचीच आहेत. परंतु या घरच्या लेण्यांकडे जाण्यासाठी कामोठ्याचे कुटुंब करते काय? मानसरोवर स्थानकावर हार्बर मार्गाची लोकल पकडून सव्वा तासाने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठते. तेथून बसने वा पायी गेटवे ऑफ इंडियाला जाते. तिकिटाची एक रांग आणि लाँचची दुसरी रांग पार पाडते. आणि मग सुमारे तासभर समुद्रावरून पुन्हा पूर्वेकडे, म्हणजे सकाळी ज्या दिशेला पाठ करून निघाले होते त्याच दिशेला, प्रवास करते. द्राविडी प्राणायाम याहून निराळा नसतो.

या खटाटोपाचा परिणाम लेण्यांच्या दारात दिसतो. पहाटे पाचला उठलेली मुले पेंगुळलेली असतात, वडीलधाऱ्यांचे पाय पायऱ्यांनी भरून आलेले असतात आणि कुटुंबप्रमुखाचे लक्ष मूर्तीपेक्षा घड्याळाकडे अधिक असते. ज्या सदाशिवासमोर जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे स्तब्ध होतात, त्याच्यासमोर एक छायाचित्र काढून अर्ध्या तासात परतीची वाट धरली जाते. दिवसभर धडपड आणि दर्शन मात्र क्षणभर, असा हा व्यवहार आहे. तो बदलायचा असेल तर काही जबाबदारी प्रवाशाने उचलली पाहिजे आणि काही, किंबहुना अधिक, शासनाने.

प्रवाशाच्या जबाबदारीचा आरंभ वार निवडण्यापासून होतो. सोमवारी लेणी बंद असतात. हे ठाऊक नसल्याने गेटवेवरून हिरमुसून परतणारी कुटुंबे थोडी नाहीत. रविवारी लेणी उघडी असतात खरी, परंतु त्या दिवशी सारी मुंबई गेटवेवर लोटते आणि हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक असतो. म्हणजे ज्या दिवशी नोकरदाराला सवड, नेमक्या त्याच दिवशी रेल्वेची अडचण. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० सालापासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तेव्हा कारकून मंडळींनी शनिवारची सकाळ धरावी हे शहाणपणाचे. शिक्षकांनी शाळेची सहल न्यायची झाल्यास मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस निवडावा. नऊच्या सुमारास लाँच सुटू लागतात आणि लेण्यांचे दारही त्याच सुमारास उघडते. पहिल्या दोन-तीन लाँचमधून जाणाऱ्याला जी शांतता लाभते, ती अकरानंतर कोणत्याही किमतीला मिळत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, फेऱ्यांचा भरवसा नसतो. वैशाखात कातळ तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सुखाचा काळ होय.

प्रवेशाचे तिकीट भारतीय नागरिकाला ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. पुरातत्त्व खात्याचे हे तिकीट आता घरबसल्याही काढता येते, त्यामुळे एका रांगेची दगदग टळते. बेटावर उतरल्यावर लांबलचक धक्का चालावा लागतो. लहानग्यांसाठी आणि वृद्धांसाठी तेथे छोटी रेलगाडी आहे. त्यापुढे सुमारे १२० पायऱ्यांचा चढ आहे. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात; मात्र भाव आधी ठरवावा, वर पोहोचल्यावर वाद घालण्यात दोन्ही पक्षांची शोभा जाते. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने आहेत आणि झाडांवर माकडे आहेत. दुकानदार हाका मारतात, माकडे हाका न मारता हातची पिशवी नेतात. खाद्यपदार्थ उघडे न बाळगणे हा त्यावर एकच उपाय. पाणी सोबत असावे, आणि रिकाम्या बाटल्या सोबतच परत आणाव्यात. बेटावर फेकलेला कचरा उचलून समुद्रापार नेणारी यंत्रणा आकाशातून उतरत नाही.

तथापि वेळापत्रक आणि शिदोरी एवढ्यानेच सहल सफल होत नाही. मनाची तयारी हवी, आणि ती घरीच, आदल्या रात्री करता येते. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेली ही लेणी आहेत. ती नेमकी कोणत्या राजवटीत घडली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडल्याने अनेक जण त्या घराण्याकडे बोट दाखवतात. कोकणच्या मौर्यांची राजधानी असलेल्या आणि चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीने जिंकलेल्या ज्या ‘पुरी’चा उल्लेख इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे, ती हीच घारापुरी असावी असेही काहींचे मत आहे. मुख्य लेणे दर्शनी बाजूपासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मीटर खोल आहे. ते बांधलेले नाही. डोंगर आतून कोरत नेऊन खांब, छत आणि मूर्ती शिल्लक ठेवलेल्या आहेत. चुकलेला घाव पुसण्याची सोय ज्या कामात नव्हती, ते काम किती मनांच्या एकाग्रतेने तडीस गेले असेल, एवढा एक विचार मुलांच्या मनात उतरला तरी सहलीचे चीज झाले.

आत गेल्यावर थेट सदाशिवाकडे धाव घेऊ नये. चार दारांच्या गर्भगृहाभोवती उभे असलेले प्रचंड द्वारपाल आधी पाहावेत. कैलास हलवणारा रावण, सारीपाट खेळणारे शिवपार्वती, अर्धनारीश्वर, गंगावतरण, कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध, नटराज आणि योगीश्वर ही शिल्पे क्रमाने पाहिली म्हणजे शेवटी सदाशिवासमोर उभे राहताना त्या तीन मुखांचा अर्थ आपोआप उलगडू लागतो. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल. एकाच शक्तीची ही रूपे कोरणाऱ्या कारागिराने सुमारे सहा मीटर उंचीच्या पाषाणात जो संयम ओतला आहे, तो वर्णनाने कळत नाही. त्यासमोर दहा मिनिटे गप्प बसावे लागते. शिल्पांचे तुटलेले हातपायही बोलके आहेत. पोर्तुगीज अमदानीत या लेण्यांची मोठी हानी झाली असे सांगितले जाते. त्याच पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरील दगडी हत्ती पाहून बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. तो हत्ती आज बेटावर नाही. भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाजवळ, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. शिक्षकांनी एखाद्या दिवशी मुलांना तोही दाखवावा, म्हणजे नावाचा आणि इतिहासाचा दुवा पुरा होईल.

आता शासनाच्या वाट्याकडे वळावयाचे. या विषयात सर्वांत आधी आठवावा लागतो तो १८ डिसेंबर २०२४ चा दिवस. त्या दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका येऊन आदळली आणि १५ जीव गेले. सहलीला निघालेली माणसे होती ती. बोटीवर शंभराहून अधिक प्रवासी होते आणि मान्य क्षमतेहून ही संख्या अधिक असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली. सक्ती अपघातानंतर व्हावी ही या देशातील जुनी रीत आहे. परंतु ती काही दिवसांनी सैल पडावी ही त्याहून जुनी रीत आहे, आणि चिंता या दुसरीची आहे. उकाडा होतो म्हणून जाकीट काढून मांडीवर ठेवणारा प्रवासी आणि ते पाहूनही न पाहिल्यासारखे करणारा खलाशी हे दोघे मिळून पुढच्या दुर्घटनेची तयारी करीत असतात. भरलेल्या लाँचमध्ये न चढता पुढच्या लाँचची वाट पाहणे यात कमीपणा नाही. पस्तीस-चाळीस मुले घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने तर हा नियम स्वतःसाठी कायदाच मानावा.

मात्र प्रवाशाला शहाणपण शिकवून शासनाची सुटका होत नाही. गेटवेवर गर्दी होते, कारण बेटावर जाण्याचा रुळलेला मार्ग तेवढाच आहे. मुंबईहून बेट सुमारे दहा किलोमीटर दूर. रायगडच्या किनाऱ्यापासूनचे अंतर याच्या निम्म्याहूनही कमी. बेटावर उभे राहिले की न्हावाशेवा बंदराच्या अजस्र याऱ्या हाताच्या अंतरावर दिसतात. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल गाडी उरणपर्यंत पोहोचली. कामोठ्याच्या माणसाने मानसरोवरला गाडीत बसावे, खारघर सोडून बेलापूरला उतरावे, उरणची गाडी धरावी आणि उरणच्या मोरा बंदरावरून बेट गाठावे, हा किती सरळ मार्ग! परंतु मोरा आणि न्हावा या बाजूंनी बेटावर जी ये-जा चालते ती मुख्यतः ग्रामस्थांच्या गरजेपुरती. पर्यटकाने भरवसा ठेवावा असे वेळापत्रक नाही, आणि मोरा बंदरात साचलेल्या गाळामुळे ओहोटीच्या वेळी लाँचना धक्क्याशी लागणेच कठीण होऊन बसते. रेल्वेवर कोट्यवधी खर्चून गाडी समुद्रकाठी आणावयाची आणि पुढील चार पावलांसाठी प्रवाशाला भरतीची प्रतीक्षा करावयास लावावयाची, याला नियोजन म्हणता येत नाही.

या खाडीने घोषणा मात्र पुष्कळ ऐकल्या आहेत. १९९० च्या दशकात नवी मुंबई आणि मुंबई यांच्यामध्ये हॉवरक्राफ्ट धावले आणि बंद पडले. शिवडीहून घारापुरीपर्यंत रज्जुमार्ग उभारण्याची घोषणा झाली. बेटावर जाणारा आजही लाँचच्या फळीवरूनच जातो. २०२२ साली बेलापूरच्या धक्क्यावरून जलटॅक्सीचा शुभारंभ झाला, पण तिचे भाडे चार माणसांच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने आकडेमोड करून सोडून द्यावे असेच होते आणि ती सेवा लोकांच्या अंगवळणी पडली नाही. २०२५ साली गेटवेचा भार हलका करण्यासाठी त्याच्याच शेजारी, रेडिओ क्लबनजीक, नवा धक्का बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. कुलाब्याच्या रहिवाशांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वादाचे गुणदोष काही असोत; गर्दी जेथे आहे तेथेच आणखी सोय करावयाची आणि जेथे गर्दी वाटून घेता येईल तेथे गाळ साचू द्यावयाचा, हे धोरण अजब खरे. मोऱ्याचा गाळ काढून, भरती-ओहोटीचा विचार करून आखलेल्या रास्त भाड्याच्या चार नियमित फेऱ्या सुरू झाल्या, तर पनवेल, कामोठे, खारघर, उरण या साऱ्या टापूतील लोकांचा अर्धा दिवस वाचेल आणि गेटवेवरील रांगही तितकीच आखूड होईल.

यात बेटवासीयांचेही हित आहे. घारापुरीवर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. १९८७ साली जागतिक वारसा म्हणून गौरवल्या गेलेल्या या बेटावर कायमची वीज पोहोचली ती समुद्राखालून वाहिनी टाकून, २०१८ साली. तोवर देशोदेशींचे पाहुणे दिवसा लेणी पाहून जात आणि सायंकाळी ग्रामस्थ जनित्राच्या चार घटकांच्या उजेडावर भागवत. त्यांचे तालुक्याचे ठाणे उरण आहे, दाखल्यांसाठी आणि कामाकाजासाठी त्यांना तिकडेच जावे लागते. मोऱ्याची वाहतूक सुधारली तर पर्यटकाची सहल सुखाची होईल, आणि बेटावरील विद्यार्थ्याचा व रुग्णाचा रोजचा प्रश्नही हलका होईल. केवळ पर्यटनासाठी खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

कामोठ्याच्या शिक्षकाने मुलांना नकाशावर घारापुरी दाखवावी आणि एखाद्या चलाख मुलाने विचारावे, ‘सर, इतके जवळ असताना आपण मुंबईला वळसा घालून का जातो?’ या प्रश्नाचे उत्तर आज शिक्षकाजवळ नाही. ज्यांच्याजवळ असावयास हवे, त्यांनी ते पुढच्या नाताळच्या सुटीपूर्वी द्यावे. तोवर शनिवारची पहिली लाँच गाठावी, जाकिटाचे बंद नीट बांधावेत आणि सदाशिवासमोर घड्याळ खिशात ठेवावे, एवढेच प्रवाशाच्या हाती आहे.