त्वचेला दोष देण्याआधी

चेहऱ्याची आग झाली, गालांवर लाल चट्टे उठले, सकाळी पापण्या सुजलेल्या दिसल्या, की पहिला संशय जातो क्रीमवर. क्रीम बदलले जाते. फरक पडला नाही तर फाउंडेशन बदलले जाते, बहुधा आधीपेक्षा महागडे आणले जाते. तरीही त्रास थांबला नाही की निकाल ठरलेला असतो: ‘माझी त्वचाच सेन्सिटिव्ह आहे.’ हा शिक्का बसला की चौकशी संपते. ज्या स्पंजने ते फाउंडेशन रोज गालावर थोपटले, ज्या चिमट्याने भुवया कोरल्या, पार्लरमधल्या ज्या ब्रशने आपल्याआधी आणखी चार चेहरे रंगवले, त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. संवेदनशील त्वचा असतेच. ॲटोपिक एक्झिमा किंवा रोझेशिया असलेल्यांची त्वचा खरोखर लवकर चिडते. पण सेन्सिटिव्ह म्हणून आयुष्यभर चेहऱ्याला जपणाऱ्या अनेकींची त्वचा मुळात तशी नव्हती, ती तशी झाली. साधनांमुळे झाली, अस्वच्छतेमुळे झाली आणि सर्वांत जास्त नुकसान झाले ते त्यानंतरच्या चुकीच्या उपचारांमुळे.

त्वचा बिघडण्याच्या दोन वाटा वेगळ्या ओळखता यायला हव्यात. पहिली निव्वळ दाहाची. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजवलेल्या असतात. हा थर आतला ओलावा आत आणि बाहेरचा उपद्रव बाहेर ठेवतो. टोचणाऱ्या केसांचा ब्रश, जोर लावून घासून काढलेला मेकअप, ब्रश धुताना नीट न निघालेला साबण यांनी तो झिजतो आणि मग साधे मॉइश्चरायझर लावले तरी चरचरते. हा त्रास कुणालाही होऊ शकतो आणि तो लगेच कळतो. दुसरी वाट ॲलर्जीची. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखादे ठरावीक रसायन ओळखून ठेवते आणि पुढे त्याचा अंश जरी लागला तरी खवळते. इथे फसगत होते ती वेळेमुळे, कारण ॲलर्जीची खाज आणि सूज बहुधा एक ते तीन दिवसांनी येते. शनिवारी लग्नाला मेकअप केला आणि सोमवारी डोळे सुजले, तर ठपका सोमवारच्या काजळावर येतो. शिवाय वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरलेल्या वस्तूचीही ॲलर्जी एखाद्या दिवशी सुरू होऊ शकते. ‘मी तर हे नेहमीच वापरते’ एवढ्यावर कोणतीही वस्तू निर्दोष ठरत नाही.

स्पंजपासून सुरुवात करू. अंड्याच्या आकाराचा, एकेकाळी गुलाबी असलेला, आता मातकट झालेला तो ब्लेंडर बहुतेक मुलींच्या पाउचमध्ये सापडतो. तो ओला करून पिळायचा, फाउंडेशन त्यात मुरवायचे, गालावर थोपटायचे आणि तसाच दमट परत डबीत टाकायचा, ही रोजची रीत. त्यात पाणी असते, चेहऱ्याचे तेल असते, मेलेल्या पेशी असतात आणि झाकण लावले की वाराही लागत नाही. जुना स्पंज ब्लेडने मधोमध कापून पाहा. बाहेरून धुतलेला असला तरी आत फाउंडेशनचा थर साचलेला दिसतो, कधी काळे ठिपके दिसतात. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरातल्या ४६७ वस्तू तपासल्या होत्या: लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्करा आणि हे ब्लेंडर. ब्लेंडरपैकी ९३ टक्के एकदाही धुतलेले नव्हते, ६४ टक्के जमिनीवर पडूनही तसेच वापरले जात होते आणि निम्म्याहून अधिक ब्लेंडरमध्ये बुरशी आढळली. तपासलेल्या वस्तूंमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणूही मिळाला. तिथल्या थंड हवेत ही स्थिती. आपल्याकडे मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे बंद डबीतला स्पंज कधी वाळणार?

धडधाकट, अखंड त्वचेवर यातले बरेचसे जंतू काही करू शकत नाहीत, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवे. प्रश्न आहे तो पुरळ फुटलेल्या, वॅक्सिंगने सोललेल्या, खाजवून ओरखडलेल्या चेहऱ्याचा. नेमक्या अशाच दिवशी आपण डाग झाकण्यासाठी स्पंज अधिक दाबून फिरवतो.

स्पंज ज्या पदार्थाचा केला आहे त्याचाही प्रश्न आहे. त्रिकोणी, स्वस्त स्पंज अनेकदा रबराचे असतात आणि रबर पक्के करताना मर्कॅप्टोबेंझोथायाझोल, थायुराम यांसारखी रसायने वापरतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर त्याच आकाराचा खाजरा, काळसर चट्टा उठलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तो चट्टा बहुधा याच रसायनांनी येतो. ज्या बाईला चपलेचा किंवा भांडी घासण्याच्या रबरी मोज्यांचा त्रास होतो, तिच्या गालावर रबरी स्पंज फिरला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. पण पायाचा चट्टा आणि गालाचा चट्टा यांचा संबंध ती जोडत नाही आणि तिला तो कुणी विचारतही नाही.

धातूचेही असेच. निकेलची ॲलर्जी बायकांमध्ये जास्त आढळते, कारण लहानपणीच कान टोचले जातात आणि पुढे खोटे दागिने वापरात येतात. कानातल्याने कान चिघळतो म्हणून बाई सोने घालते, इथपर्यंत सगळ्यांना कळते. मात्र भुवयांचा चिमटा, पापण्या वळवण्याचे कर्लर, ब्रशच्या केसांना आवळून धरणारी चकचकीत पट्टी यांवरही निकेलचा मुलामा असू शकतो. डायमिथाइलग्लायॉक्झाइम या रसायनाच्या द्रावणात भिजवलेला कापूस अशा वस्तूवर घासला आणि तो गुलाबी झाला, तर तिच्यातून निकेल सुटते आहे असे समजावे. चांगल्या प्रतीच्या स्टीलमधून निकेल फारच कमी सुटते, म्हणून चिमटा घेताना चार पैसे जास्त मोजणे ही चैन नव्हे.

पापणीची त्वचा सर्व शरीरात सर्वांत पातळ, म्हणून दुसरीकडच्या गुन्ह्याची शिक्षाही तिलाच होते. नेलपॉलिशची ॲलर्जी असलेल्यांची नखे आणि बोटे अनेकदा स्वच्छ असतात. सूज येते ती पापणीवर, मानेवर, कारण दिवसभर बोटे तिथे लागत राहतात. काजळ बदलून, मस्करा सोडून, चष्म्याची फ्रेमसुद्धा बदलून झाल्यावर खरे कारण लाल रंगाच्या बाटलीत सापडते. टिकलीची गोष्ट आपल्या घराघरातली आहे. कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरा डाग पडतो आणि घरात कोड आले म्हणून रडारड होते. अशा अनेक डागांमागे टिकलीच्या गोंदातले पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल हे रसायन असते, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती लग्नाच्या आठवड्याची. मुहूर्ताच्या चार दिवस आधी नवरीचे ब्लीच होते, फेशियल होते, थ्रेडिंग होते, ओठावरचे आणि हनुवटीवरचे केस वॅक्सने काढले जातात. मग हळद लागते आणि ती घासून काढली जाते. एवढे सोसलेल्या त्वचेवर लग्नाच्या दिवशी मेकअपचे थर चढतात आणि ते रात्रीपर्यंत उतरत नाहीत. तिथे उघडलेली व्हॅनिटी जरा जवळून पाहावी. काजळाची कांडी एकच. ती आधी नवरीच्या डोळ्यांत, मग करवलीच्या, मग नवरीच्या आईच्या. मस्कऱ्याची कांडी बाटलीतून डोळ्याला आणि डोळ्यावरून परत बाटलीत. ब्रशवरची जादा पावडर तोंडाने फुंकून उडवली जाते. फाउंडेशन मिसळायची जागा म्हणजे स्वतःच्या हाताची मागची बाजू. घाई असते, दाराशी माणसे खोळंबलेली असतात, हे खरे. मेकअप करणाऱ्या बाईंची नियत वाईट नसते आणि पुष्कळदा त्यांना हे कधी कुणी शिकवलेलेच नसते. पण डोळे आलेली एखादी पाहुणी त्या रांगेत असेल, तर संसर्ग घाईचे कारण ऐकून थांबत नाही. थ्रेडिंग करताना दोऱ्याचे एक टोक दातात धरण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी चालते. थ्रेडिंगनंतर भुवयांच्या रेषेत बारीक चामखिळी उठल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दोरा दातात न धरता काम करता येते, ते करणाऱ्या ब्युटिशियन आहेत, त्यांच्याकडे जावे.

लेबल वाचून सुटका होईल असे अनेकींना वाटते. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दावर तर फार भिस्त असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये नियम केला होता, की हा शब्द वापरायचा असेल तर आधी माणसांवरच्या चाचण्यांनी तो सिद्ध करा. दोन सौंदर्यप्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो नियमच रद्द ठरवला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही आणि तोच शब्द छापलेल्या वस्तू आपल्या दुकानांत येतात. ‘नॅचरल’चेही तेच; चंदन, लव्हेंडर, टी ट्री यांची तेलेही ॲलर्जी करतात. सुगंध टाळायचा असेल तर घटकांच्या यादीत सुगंधाचा उल्लेख नाही ना, हे पाहावे. पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरे अधिक कामाची.

इथवरचा त्रास बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखा असतो. साधन बदलले, हात आवरला, की काही आठवड्यांत त्वचा सावरते. पण मधेच कुणीतरी ट्यूब सुचवते. मैत्रीण सुचवते, मेडिकलवाला देतो, पार्लरमधून मिळते. ती लावली की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, चेहरा उजळही दिसतो. तिच्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे स्टेरॉइड असते. महिना-दोन महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते आणि ट्यूब थांबवताच चेहरा आधीपेक्षा दुप्पट भडकतो. मग पुन्हा तीच ट्यूब. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातल्या अनेक केंद्रांवर केलेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतल्या सुमारे ५९ टक्के लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या शेड्यूल एच यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात. बिनलेबलच्या डबीतले क्रीम तर याहून वाईट. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींना अशा उजळपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला, ही बातमी जुनी झालेली नाही.

घरी करण्यासारखे फार थोडे आणि सोपे आहे. ब्रश आठ-दहा दिवसांनी सौम्य शाम्पूने, कोमट पाण्यात, केस खाली धरून धुवावेत, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत आणि आडवे ठेवून वाळवावेत. उभे ठेवले तर पाणी पट्टीत उतरते आणि गोंद सुटतो. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवावा, उघड्यावर वाळवावा आणि त्याला चीर गेली किंवा वास येऊ लागला की टाकून द्यावा. मस्करा तीन महिन्यांनी बदलावा. नवीन वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहावी. चेहरा भडकलेला असताना मात्र नवे काही आजमावू नये. सगळे बंद करून साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर तेवढे लावावे.

त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. ही तपासणी नवी नाही, १८९५ मध्ये योझेफ यादासोन यांनी ती प्रथम मांडली. पाठीवर ठरावीक रसायनांच्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात. जाताना केवळ क्रीमच्या ट्यूबा नेऊ नका. तुमचा स्पंज, ब्रश, चिमटा, टिकलीचे पाकीट, नेलपॉलिशची बाटली, सगळे एका पिशवीत घालून न्या. आधी स्टेरॉइडची ट्यूब लावत असाल तर तेही न लाजता सांगा, कारण ती लपवली तर तपासणीचा निकालही चुकू शकतो आणि ती एकदम बंद करायची की हळूहळू, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आणि पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधी विचारा: हा ब्रश शेवटचा कधी धुतला? काजळ आणि मस्करा स्वतःचे घेऊन जा, स्पंजही. भावी नवरीने तर मेकअप ठरवताना पैशांच्या बोलणीआधी हे बोलून घ्यावे. धड उत्तर मिळाले नाही, तर पैसे दिलेले असले तरी उठून या.